सुरी घडवणाऱ्याचे पहिले यंत्र

गेल्या हिवाळ्यात आमच्या युनियनच्या कचेरीत तीन तरुण आले. एकाच्या घरी लोहाराचे दुकान, दुसरा आयटीआयमधून फिटरचे काम शिकून बसलेला, तिसरा शेतकऱ्याचा मुलगा. तिघांनी मिळून सुऱ्या, कोयते, विळ्या घडवून विकण्याचे ठरवले होते. परदेशी कारागिरांची कामे त्यांनी फोनवर पाहिली होती आणि पहिला प्रश्न घेऊन ते आमच्याकडे आले होते : "भाऊ, बेल्ट ग्राइंडर कोणता घ्यावा?"

कामगार संघटनेच्या माणसाला हा प्रश्न का विचारावा, असे कोणासही वाटेल. परंतु आमचे उभे आयुष्य जिनिंग-प्रेसिंगमधल्या आणि लहान वर्कशॉपमधल्या माणसांत गेले. यंत्र विकणारा यंत्राचे गुण सांगतो. त्याचे अवगुण कामगार सांगतो, आणि तेही बहुधा बोट गेल्यावर. हे अवगुण आम्ही पुष्कळ ऐकले आहेत. शिवाय या प्रश्नामागे पैसा होता, आणि तो एका घरच्या कापसाचा होता. तो चुकीच्या यंत्रात गेला तर पोर पुन्हा धंद्याचे नाव काढणार नाही, हे आम्हांस दिसत होते. म्हणून त्या दिवशी उत्तर दिले नाही. आठ दिवसांनी या, असे सांगितले. मधल्या काळात जुन्या फिटरांना विचारले, लोहाराच्या दुकानात बसलो, पुस्तके चाळली. जे हाती लागले तेच आज या व्याख्यानमालेच्या श्रोत्यांपुढे मांडीत आहोत.

प्रथम हे यंत्र म्हणजे काय ते पाहू. पात्याला आकार व धार देण्याचे काम पूर्वी दगडाने होई. गावोगाव फिरणारा शिकलगार पायाने चाक फिरवी व त्यावर सुरी धरी. पुढे कुरुंदाच्या जातीच्या कठीण भुकटीची चाके आली आणि ती विजेवर फिरू लागली. आपल्याकडच्या बहुतेक वर्कशॉपांत आजही तीच दिसतात. बेल्ट ग्राइंडरमध्ये चाकाऐवजी पट्टा असतो. कापडावर कठीण कण चिकटवलेले असतात, पट्ट्याची दोन टोके जोडून त्याचा वेढा केलेला असतो आणि तो दोन-तीन चाकांवरून वेगाने धावतो. आपण पाते त्यावर धरतो.

सुरी करणाऱ्याला चाकापेक्षा पट्टा बरा, याची कारणे तीन. चाकावर घासलेली बाजू खोलगट होते; पट्ट्यामागे सपाट पोलादी पट्टी असली की बाजू सपाट येते. दुसरे, लहान चाकाचा तोच तो परीघ सारखा घासत राहतो. लांब पट्ट्याला वाऱ्यात थंड व्हायला वेळ मिळतो, म्हणून पाते कमी तापते. तिसरे, भरड पट्टा काढून बारीक पट्टा चढवायला अर्धे मिनिट पुरते. आणखी एक गोष्ट आम्ही आमच्या बाजूने जोडतो. तडकलेले चाक वेगात फुटले तर त्याचा तुकडा माणसाचा जीव घेऊ शकतो. पट्टा तुटला तर तो सपकन बसतो, वळ उठतो, पण सहसा तेवढ्यावर भागते. १९४८ साली कारखान्यांचा कायदा झाला, तेव्हा त्याच्या ३० व्या कलमात घासकामाच्या प्रत्येक यंत्राजवळ चाकाचा सुरक्षित वेग लिहून लावण्याची सक्ती केली गेली, ती या फुटणाऱ्या चाकांमुळेच.

पण कायद्याची एक मर्यादा ध्यानात घ्यावी. तो कायदा विजेवर चालणाऱ्या जागी दहा कामगार असले तर लागू होई. टिनाच्या शेडमध्ये एकटा बसून सुरी घासणारा पोरगा त्याच्या कक्षेत कधीच नव्हता. तो स्वतःच मालक आणि स्वतःच कामगार. त्याच्यासाठी तपासनीस येत नाही आणि युनियनही दार ठोठावत नाही. म्हणून यंत्र निवडतानाच त्याने स्वतःचा तपासनीस व्हावे, हा आमच्या सांगण्याचा गाभा आहे.

या धंद्याने माणसाचे काय होते, हे इंग्लंडातील शेफील्ड शहराने जगाला दाखवले. सुऱ्या-काट्यांचे ते जुने शहर. तेथील घासणारे वाळूच्या दगडाच्या चाकावर वाकून काम करीत. एंगल्सने १८४५ साली छापलेल्या ग्रंथात नोंदवले आहे की, जेवणाचे काटे कोरडे घासणारे लोक २८ ते ३२ या वयात मरत. टेबलावरच्या सुऱ्या पाण्यात भिजवून घासणारे ४० ते ५० पर्यंत जगत. काम तेच, दगड तोच. फरक फक्त पाण्याचा, म्हणजेच उडणाऱ्या धुळीचा. दगडाची ती बारीक पूड फुप्फुसात बसून जो रोग होतो त्यास सिलिकोसिस म्हणतात. आपल्या देशात खंभातचे अकीक घासणारे आणि मंदसोरचे पाटीच्या पेन्सिली करणारे यांना तो ठाऊक आहे.

याच शेफील्डची दुसरी गोष्टही सांगितली पाहिजे. ती आमच्या चळवळीला भूषणावह नाही, म्हणून तर अधिकच. तेथील घासणाऱ्यांच्या संघटना वर्गणी न देणाऱ्या माणसाच्या चाकाचा पट्टा रात्री पळवीत. पट्टा नाही म्हणजे काम नाही. वर्गणी भरली की पट्टा परत. प्रकरण पुढे दारूच्या स्फोटापर्यंत गेले. १८६६ च्या ऑक्टोबरात एका कामगाराचे घर उडवण्यात आले, १८६७ त चौकशी बसली आणि १८७१ साली इंग्लंडात कामगार संघटनांचा कायदा झाला. धुळीने तिशीत मरणाऱ्या माणसांची संघटना धुळीशी लढण्याऐवजी आपल्याच सोबत्याचा पट्टा चोरू लागली, हे पाहून आम्हांस वाईट वाटते.

शेफील्डचा वाळूचा दगड आजच्या पट्ट्यात नाही. त्यावरचे कण बहुधा ॲल्युमिनिअम ऑक्साइड, झिर्कोनिया किंवा सिरॅमिक या कृत्रिम द्रव्यांचे असतात. म्हणून धोका संपला असे मात्र मानू नये. पोलादाची पूड, पट्ट्यातल्या राळेची पूड आणि मुठीच्या लाकडाची पूड ही नाकातूनच जाते. आमच्या जिनांत हाच धडा वेगळ्या रीतीने मिळाला. रेच्यातला सरकी वेगळी करणारा रूळ चामड्याच्या चकत्यांचा असतो, आणि ते चामडे क्रोमिअमने कमावलेले असते. तो रूळ सुऱ्यांशी घासत राहतो, शिवाय अधूनमधून त्यावर पुन्हा खाचा पाडाव्या लागतात, आणि ती पूड हवेत मिसळते. नागपूरच्या जिनिंग प्रशिक्षण केंद्रात चामड्याऐवजी रबर आणि कापडाच्या रुळांवर काम झाले, त्यामागे हे एक मोठे कारण होते. घासणे म्हणजे धूळ करणे, एवढे सूत्र पाठ करावे.

आता निवडीकडे वळू. पहिला सल्ला ऐकून ते तिघे जरा हिरमुसले : पहिल्या तीन सुऱ्या यंत्राशिवाय करा. ट्रकच्या जुन्या कमानपाट्याचा तुकडा घ्यावा, त्यात चीर नाही हे नीट पाहावे, भट्टीत तापवून तो हळूहळू थंड होऊ द्यावा म्हणजे मऊ पडतो, आणि कानशीने उतार काढावा. दोन दिवस लागतील, हात भरून येतील. पण बाजू सपाट कशी ठेवायची, मध्यरेषा कशी राखायची, दोन्ही अंगांचे उतार सारखे कसे करायचे, हे कानस शिकवते. यंत्र ते शिकवत नाही. यंत्र फक्त चूक वेगाने करून देते. तीन सुऱ्यांनंतरही हौस टिकली तर पैसा काढावा. आणि टिकली नाही, तर तीन कानशींच्या किमतीत सुटका झाली असे समजावे.

बाजारात मुख्यतः तीन जातींची यंत्रे मिळतात. पहिले एक इंच रुंद आणि ३० इंच लांब पट्ट्याचे लहान यंत्र. ते स्वस्त असते, टेबलावर बसते, घरच्या विजेवर चालते. धार लावण्यास आणि मुठीच्या बारीक कामास ते उत्तम आहे. पण जाड पाट्यातून पाते उतरवायला लागलो की मोटर दमते. पट्टा आखूड असल्याने लवकर तापतो आणि लवकर झिजतोही. दुसरे चार इंच रुंद, ३६ इंच लांब पट्ट्याचे, सुताराचे यंत्र. त्याची सपाट बाजू मोठी असल्यामुळे मुठीच्या फळ्या सपाट करण्यास सोयीचे. परंतु लाकडासाठी बनवलेले असल्याने त्याचा भुसा ओढणारा भाग ठिणग्यांसाठी नसतो, आणि पात्याच्या टाचेजवळचा कोपरा त्यावर नीट पोचत नाही. तिसरे दोन इंच रुंद, ७२ इंच लांब पट्ट्याचे, म्हणजे सुमारे ५० बाय १८३० मिलिमीटरचे. जगभरचे सुरीकार याच मापावर स्थिरावले आहेत, म्हणून या मापात हरतऱ्हेचे पट्टे मिळतात. ज्याला हौसेखातर वर्षाला चार सुऱ्या करायच्या आहेत त्याने पहिले घ्यावे. ज्याला त्यावर पोट भरायचे आहे त्याने तिसऱ्यासाठी थांबावे. मधले यंत्र सुताराकडे आधीच असेल तर वापरावे. सुऱ्यांसाठी म्हणून मुद्दाम विकत घेऊ नये.

यानंतर वेग. विक्रेता मोटरचे फेरे सांगतो. आपल्याला हवी असते पट्ट्याची धाव. तिचा हिशेब शाळेतल्या गणिताचा आहे. मोटरवर चार इंच व्यासाचे चाक असेल तर त्याचा परीघ साडेबारा इंचांच्या आसपास, म्हणजे एक फुटाहून किंचित जास्त. आपल्या विजेवर वेगवान मोटर मिनिटाला सुमारे २८५० फेरे घेते. म्हणजे पट्टा मिनिटाला सुमारे ३००० फूट धावतो. सावकाश मोटर सुमारे १४२५ फेरे घेते. तिच्यावर पट्टा १५०० फूट धावतो. वेगवान मोटरला सहा इंची चाक लावले तर तोच आकडा ४५०० च्या जवळ जातो. मुरलेला कारागीर भरड कामाला ४५०० ते ५००० फुटांची धाव वापरतो. नवशिक्याने १५०० ते ३००० फुटांच्या आत राहावे. वेग दुप्पट झाला की चूकही दुप्पट वेगाने होते, आणि ठिणगीही लांब जाते.

खरी सोय वेग कमीजास्त करता येण्यात आहे. त्याचे दोन मार्ग. एक जुना : पायऱ्यांची पुली आणि व्ही-पट्टा, स्वस्त, कोणत्याही मेकॅनिकला दुरुस्त करता येणारा. दुसरा वीजयंत्राचा, ज्यास दुकानदार व्हीएफडी म्हणतात. बटण फिरवले की वेग बदलतो. मात्र येथे एक खाच आहे. ते थ्री-फेज मोटरला लागते. घरच्या २३० व्होल्टवरून ते यंत्र २३० व्होल्टचीच थ्री-फेज वीज देते, आणि आपल्याकडच्या मोटरी बहुधा ४१५ व्होल्टसाठी जोडलेल्या असतात. मोटरची सहाही टोके बाहेर काढलेली असली आणि ती २३० व्होल्टला डेल्टा जोडता येत असली तरच जोडी जमते. पैसे देण्यापूर्वी मोटरची पाटी वाचावी, न समजल्यास वायरमनला दाखवावी. शिवाय पोलादाची पूड विजेची वाहक असते. म्हणून मोटर बंद अंगाची असावी आणि ते बटणाचे यंत्र पेटीत, ठिणग्यांपासून दूर ठेवावे.

मोटरची शक्ती ७२ इंची पट्ट्याला निदान एक अश्वशक्ती. दीड ते दोन असल्यास उत्तम. एवढी मोटर पंख्याच्या वायरीवर चालवू नये. जाड वायर, १६ अँपिअरचा प्लग आणि पक्के अर्थिंग हा यंत्राच्या किमतीचाच भाग समजावा. व्होल्टेज पडलेले असताना मोटर घुमू लागते आणि तापते. तेव्हा काम थांबवावे. मोटर जळाली तर एका दिवसाच्या कामापायी महिन्याची कमाई जाते.

यंत्र पाहायला गेल्यावर काय तपासावे, तेही सांगून टाकतो. दहा मिनिटे रिकामे चालवून पाहावे. पट्टा चाकाच्या मध्यावर स्थिर राहतो की सरकत कडेला जातो, ते बघावे. पट्टा मध्यावर आणणारी खुंटी हाताने सहज फिरली पाहिजे व फिरवून सोडली की तेथेच राहिली पाहिजे. लाकडाचा तुकडा जोराने दाबून धरावा. मोटर रडू लागली तर ती कामाची नाही. यंत्र बंद करून पट्ट्यामागच्या सपाट पट्टीवर पोलादी पट्टी टेकवावी. मधून उजेड दिसता कामा नये. पाते टेकवायची टेकणी पट्ट्याच्या अगदी जवळ आणता आली पाहिजे, कारण पट्टा आणि टेकणी यांच्या फटीतच बोट सापडते. बंद करण्याचे बटण पट्टा न ओलांडता हाताशी असावे. चाकांवर आणि पाठीमागच्या बाजूस झाकण असावे. गावच्या वेल्डिंगवाल्याकडून यंत्र बनवून घेण्यास आमची हरकत नाही, उलट आनंदच आहे. फक्त चाके टर्नरकडून नीट काढून घ्यावीत. वेडीवाकडी चाके असली की पट्टा थरथरतो आणि ती थरथर पात्यावर उमटते.

सर्व पैसा यंत्रात घालू नये, हे आम्ही तिघांना दोनदा बजावले. चौथा हिस्सा पट्ट्यांसाठी आणि अंगरक्षणासाठी बाजूला ठेवावा. पट्ट्याच्या पाठीवर आकडा असतो. आकडा लहान तितका कण भरड. ३६ किंवा ६० ने आकार काढावा, १२० ने ओरखडे घालवावेत, २२० आणि ४०० ने अंग गुळगुळीत करावे. आधीचे ओरखडे पूर्ण गेल्याशिवाय पुढच्या आकड्यावर जाऊ नये. पट्ट्याच्या पाठीवरचा बाण धावेच्या दिशेने ठेवावा. बोथट पट्टा काटकसर म्हणून वापरणे ही सर्वांत महाग काटकसर आहे : तो कापत नाही, नुसता घासतो, आपण जोर वाढवतो, पाते तापते आणि हात निसटतो. पावसाळ्यात पट्टे ओलीत ठेवले तर सांधा सुटतो. ते कोरड्या जागी टांगून ठेवावेत.

पाते तापणे ही साधी बाब नाही. लोहार ज्याला पात्याला पाणी देणे म्हणतो, त्यात पोलाद लाल करून तेलात वा पाण्यात बुडवतात. ते कडक होते पण काचेसारखे ठिसूळ. म्हणून पुन्हा सुमारे २०० अंशांची ऊब देऊन ठिसूळपणा काढतात. त्यानंतर घासताना पाते या उष्णतेच्या वर गेले की कडकपणा जातो. रंग साक्ष देतो : आधी फिकट पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, आणि ३०० अंशांजवळ निळा. धारेजवळ निळी झाक आली की तेथले पाणी उतरले. वरचा रंग घासून जातो, पण गेलेला कडकपणा परत येत नाही; गिऱ्हाईक आठ दिवसांत सुरी परत घेऊन येते. म्हणून जास्तीत जास्त घासकाम पाणी देण्यापूर्वीच उरकावे, धारेच्या कडेला थोडी जाडी ठेवावी, आणि पाणी दिल्यानंतर नवा पट्टा, कमी वेग व शेजारी पाण्याची बादली ठेवावी. पाते उघड्या बोटांनी धरावे. बोटांना चटका लागायच्या आत ते पाण्यात बुडवावे. बोटांइतका स्वस्त उष्णतामापक दुसरा नाही.

उघडी बोटे म्हटले ते मुद्दाम. आमच्या डाव्या तर्जनीचे टोक नाही. तरुणपणी एका वर्कशॉपात चाकावर काम करताना जाड हातमोजा घातला होता. चाकाने मोजा ओढला आणि मोज्याबरोबर बोट. मोजा नसता तर कातडी सोलली गेली असती, एवढेच. फिरत्या यंत्राजवळ हातमोजा, लोंबती बाही, गळ्यातला रुमाल आणि मोकळे केस नकोत. डोळ्यांवर बंद कडांचा चष्मा हवाच. नाकावर रुमाल बांधणे म्हणजे मनाचे समाधान; निदान एन-९५ मुखपट्टी हवी, आणि रोजचे काम असेल तर बदलत्या गाळण्यांची रबरी मुखपट्टी.

आपल्या गावाला एक इशारा वेगळा दिला पाहिजे. हिवाळ्यात येथे घराघरांत कापूस भरलेला असतो. ग्राइंडरची ठिणगी आणि कापूस यांची गाठ पडू देऊ नये. यंत्र कापसाच्या खोलीत, ओसरीवर वा पऱ्हाटीच्या ढिगाजवळ लावू नये. टिनाच्या वेगळ्या शेडमध्ये, पट्ट्याखाली पाण्याचे घमेले ठेवून काम करावे. ठिणग्या आणि पूड त्यात पडते. लाकडाचा भुसा झाडून काढल्यावाचून पोलाद घासू नये. काम संपल्यावर अर्धा तास तेथे नजर ठेवावी, कारण भुशात शिरलेली ठिणगी उशिरा पेट घेते.

कायद्याबद्दल दोन शब्द. १९५९ च्या शस्त्र कायद्याखालील नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याची हत्यारे मोडतात. घरगुती, शेतकी आणि उद्योगाच्या उपयोगाची हत्यारे त्यातून वगळली आहेत. म्हणून नवशिक्याने स्वयंपाकघराची सुरी, विळी, खुरपे, कोयता यांतच राहावे. गिऱ्हाईकही त्यालाच आहे. खंजीर आणि तलवारी फोनवर शोभून दिसतात. घरी आणल्या की पोलीसही येतात.

आठ दिवसांनी ते तिघे आले तेव्हा प्रत्येकाच्या मनात एकेक लहान यंत्र घेण्याचा बेत होता. भागीदारीत भांडण होईल ही भीती. आम्ही कागद घेऊन हिशेब मांडला. तीन कमजोर यंत्रे घेण्याऐवजी तिघांनी एक दमदार यंत्र घ्यावे. पट्टे प्रत्येकाने आपापले आणावेत. वार वाटून घ्यावेत. विजेचे बिल आणि दुरुस्ती यांची वही ठेवावी, आणि ती दर महिन्याला तिघांनी मिळून वाचावी. भांडण यंत्रावरून होत नाही, ते न लिहिलेल्या हिशेबावरून होते. शेफील्डच्या कामगारांनी एकमेकांचे पट्टे चोरले. तुम्ही एकमेकांचे पट्टे मोजून ठेवा, असे आम्ही हसत म्हटले.

त्यांनी आधी कानशी घेतल्या. दोन महिन्यांनी त्यांतल्या शेतकऱ्याच्या मुलाने स्वतः केलेली तिसरी सुरी आणून दाखवली. उतार एका अंगाला किंचित जास्त होता आणि ते त्याने आम्ही सांगण्यापूर्वीच सांगितले. आपल्या कामातली चूक ज्याला दिसू लागली, त्याच्या हाती यंत्र द्यायला हरकत नाही. कापसाचे पैसे आता काढा, असे आम्ही त्याला म्हटले.